वणीची वाट आणि भरपाईचा कायदा

वणीहून सप्तशृंगीच्या डोंगराकडे पाहिलें असतां उभा काळा कडा दिसतो. साडेतीन पीठांपैकीं अर्धें पीठ म्हणून मान पावलेली अठरा भुजांची देवी त्या कड्याच्या पोटांत उभी आहे. मोटार येण्यापूर्वीं तिच्या दर्शनास जाणें म्हणजे डोंगर चढणेंच होतें. वरच्या पायऱ्या अठराव्या शतकांत उमाबाई दाभाडे यांनीं बांधविल्या, आणि चैत्री यात्रेस खानदेशांतून पायीं येणारा भाविक त्या पायऱ्यांनीं वर जाई. त्याचा पाय घसरला तर दोष कोणास द्यावयाचा? पुढें नांदुरीपासून गडापर्यंत सुमारें दहा किलोमीटरांचा घाटरस्ता झाला, यात्रेकरूचा जीव दुसऱ्याच्या हातांतील चाकावर सोंपविला गेला, आणि अपघातास प्रथमच एक प्रतिवादी मिळाला.

प्रतिवादी मिळाला, पण त्याच्याकडून कांहीं वसूल होणें ही निराळी गोष्ट. दुसऱ्याच्या हयगयीनें माणूस मेल्यास त्याच्या बायकोमुलांस व आईबापांस भरपाई मागतां यावी, असा कायदा हिंदुस्थानांत १८५५ सालीं झाला. इंग्लंडांत १८४६ सालीं झालेल्या कायद्याचा तो अनुवादच म्हणावा. हक्क मिळाला खरा. परंतु तो बजावण्यासाठीं दिवाणी दावा लावावा लागे, आणि मागितलेल्या रकमेच्या मानानें कोर्टफी भरावी लागे. ज्याच्या घरचा कर्ता गेला, त्यानेंच आधीं पैसे मोजावयाचे! शिवाय हुकूमनामा मिळूनही मोटारमालक नादार निघाला, तर तो कागद घरांत जपून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नसे.

या दुसऱ्या अडचणीवर १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें उपाय काढला. रस्त्यावर गाडी आणणाऱ्यानें परक्या माणसाच्या इजेबद्दल विमा उतरलाच पाहिजे, असें त्यांत ठरलें. मात्र हा भाग प्रत्यक्ष अंमलांत आला तो १ जुलै १९४६ पासून. कोर्टफीचें व विलंबाचें दुखणें आणखी दहा वर्षें राहिलें. १९५६ च्या दुरुस्तीनें मोटार अपघातांच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली, आणि साध्या अर्जावर दाद मागतां येऊं लागली.

तरीही हयगय सिद्ध करण्याचें ओझें जखमीच्याच खांद्यावर होतें. घाटांत ब्रेक निकामी झाला कीं चालक बेफिकीर होता, हें दरींतून वर काढलेल्या माणसानें कसें सांगावें? मुंबई उच्च न्यायालयानें एका खटल्यांत हयगयीच्या पुराव्याची गरज नाहीं, असा उदार अर्थ लावला होता. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो अमान्य केला. न्यायालयानें कायदा होता तसा वाचला, त्याबद्दल त्यास बोल लावतां येणार नाहीं. पण कायदाच अपुरा होता. १९८२ सालीं संसदेनें दोष न पाहतां मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद केली. रक्कम अल्प होती, पण तत्त्व मोठें होतें.

१९८८ चा नवा कायदा आला, तरी दावा जेथें अपघात झाला तेथील न्यायाधिकरणापुढेंच चाले. म्हणजे गडाच्या घाटांत माणूस गमावलेल्या जळगांवच्या कुटुंबानें तारखांसाठीं नाशिक जिल्ह्यांत खेटे घालावे. १९९४ च्या दुरुस्तीनें ही जाच करणारी अट गेली, आणि राहत्या ठिकाणीं अर्ज करण्याची मुभा मिळाली.

त्याच दुरुस्तीनें मालवाहू गाडींत बसलेल्या मालाच्या मालकास विम्याचें संरक्षण दिलें. वणी-दिंडोरीकडच्या लोकांना या कलमाचें महत्त्व विशेष आहे. टोमॅटोचे कॅरेट घेऊन पिंपळगांवच्या बाजारास निघालेला शेतकरी आपल्या मालासोबत टेंपोंत बसला, तर तो विम्याच्या छत्राखालीं येतो. तोच शेतकरी दुसऱ्या दिवशीं त्याच टेंपोंत कुटुंबासह देवीच्या दर्शनास निघाला, तर त्या छत्राबाहेर पडतो. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, मालवाहू गाडींतील अशा उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाहीं, असा निर्णय दिला. पुढें कांहीं प्रकरणांत कंपनीनें आधीं रक्कम द्यावी व मागाहून मालकाकडून वसूल करावी, असे आदेश झाले. पण तो न्यायालयाचा अनुग्रह होय, हक्क नव्हे. यात्रेस निघणाऱ्या घरांत ही गोष्ट किती जणांस ठाऊक असते?

घाट मात्र कोणाची गय करीत नाहीं. जानेवारी २००८ मध्यें यात्रेकरूंची बस येथेंच दरींत कोसळून चाळीसांहून अधिक माणसें गेलीं. १२ जुलै २०२३ रोजीं सकाळीं गडावरून उतरणारी खामगांव आगाराची एस. टी. बस दरींत गेली. एका स्त्रीचा मृत्यू झाला व अनेक उतारू जखमी झाले.

अशा वेळीं पहिला तास वैद्याचा, वकिलाचा नव्हे. पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहतां जखमीवर उपचार केलेच पाहिजेत, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ मध्यें सांगितलें. मदतीस धांवणाऱ्यास पोलिसांचा जाच होऊं नये, यासाठींही २०१६ सालीं त्याच न्यायालयानें नियमांस मान्यता दिली. २०१९ च्या दुरुस्तीनें दोष न पाहतां मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये ठरविले. पण एका हातानें देतांना तिनें दुसऱ्या हातानें कांहीं काढूनही घेतलें. १९९४ सालीं उठविलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली. मोडलेलें हाड सांधण्यासच कित्येकदां तेवढा काळ लागतो.

म्हणून फिर्यादीची नक्कल, इजेचा दाखला, औषधांच्या पावत्या आणि प्रवासाचें तिकीट हीं आरंभींच सांभाळावीं लागतात. वकिलाच्या खर्चाची धास्ती मात्र अनेकांस अकारण वाटते. विधि सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा १९९५ च्या नोव्हेंबरांत अंमलांत आला. त्याप्रमाणें स्त्रिया, मुलें आणि अनुसूचित जातिजमातींचे लोक यांस, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. गड ज्या कळवण तालुक्यांत आहे, तेथील आदिवासी कुटुंबांस तो केवळ अर्ज केल्यानें मिळूं शकतो.