बोटीवरचा बोका आणि सुताराचं पदक

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि या गोष्टीचा शेवट मी सांगणार नाहीये, हेही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया शेजारच्याला सांगू नये.

हल्ली कुठल्याही नेतृत्व विकास शिबिरात, बँकेच्या असो की पतसंस्थेच्या, अर्नेस्ट शॅकल्टनचं नाव हमखास येतं. वक्ता पडद्यावर बर्फात तिरकी झालेली बोट दाखवतो, शेवट काय झाला ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतो आणि मग तिथून मागे येत 'संघभावना', 'आशावाद' वगैरे धडे काढतो. माझी अडचण इथंच आहे. शेवट एकदा कळला की मधली प्रत्येक गोष्ट त्या शेवटाच्या हिशेबात बसवली जाते. कोणावर गोळी झाडली, कोणाचा पगार अडला, कोणाचं नाव यादीतून गळलं, हे सगळं 'त्यामुळेच तर' या दोन शब्दांत मिटतं. म्हणून शेवट बाजूला ठेवून बघू या.

ऑगस्ट १९१४. युरोपात महायुद्ध पेटलं त्याच आठवड्यात 'एन्ड्युरन्स' ही बोट इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून निघाली. अंटार्क्टिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, मधे दक्षिण ध्रुव घेऊन, चालत ओलांडायचा असा बेत होता. दक्षिण समुद्रात शिरेपर्यंत बोटीवर २८ माणसं झाली (त्यातला एक पोरगा ब्युनोस आयर्सहून लपून चढलेला). स्लेज गाड्या ओढायला कॅनडाहून आणलेली ६९ कुत्री होती. आणि एक बोका.

बोका जहाजाच्या सुताराचा. हॅरी मॅकनिश, स्कॉटलंडमधल्या पोर्ट ग्लासगोचा, चाळिशीतला माणूस. जहाजावरच्या सुताराला इंग्रज खलाशी 'चिप्पी' म्हणतात. हा पट्ट्यापट्ट्यांचा बोका एखाद्या संशयी बायकोसारखा सतत सुताराच्या मागे मागे, म्हणून त्याचं नाव पडलं 'मिसेस चिप्पी'. तो बोका आहे हे नंतर लक्षात आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. कुत्र्यांच्या खोक्यांच्या छपरावरून तो मुद्दाम संथ चालत जायचा आणि साखळीतली कुत्री खाली नुसती भुंकत राहायची. सप्टेंबर १९१४ मध्ये अटलांटिकमध्ये पठ्ठ्याने खिडकीतून समुद्रात उडी मारली. बोट वळवली गेली आणि दहा-एक मिनिटांनी त्याला पाण्यातून उचलून आणलं. हे लक्षात ठेवा. त्या दिवशी एका बोक्यासाठी सबंध बोट मागे फिरली होती.

जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बर्फाने बोट धरली, ती सुटलीच नाही. दहा महिने बोट बर्फाबरोबर वाहत राहिली. या काळात कुत्रीच माणसांचा विरंगुळा होती. त्यांना बर्फावर उतरवून बर्फाचीच घरं बांधून दिली. ध्रुवावरच्या अंधाऱ्या हिवाळ्यात, जून महिन्यात, कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत लावली आणि चॉकलेट-सिगारेटवर पैजा घेतल्या. (आमच्या कोकणात पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की पत्ते निघतात, तसंच.) पिल्लं झाली, ती टॉम क्रीन नावाच्या आडदांड आयरिश खलाशाने आईच्या मायेने वाढवली. पण जंतावरचं औषध आणायचं राहून गेलं होतं आणि बरीच कुत्री जंतांनीच मेली. इतका पैसा, इतकी तयारी, आणि राहिलं काय, तर जंताचं औषध! सरकारी योजना कव्हर करणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही.

२७ ऑक्टोबर १९१५ ला बोट सोडावी लागली. लाकूड पिचत होतं, पाणी आत येत होतं. बर्फावरून होड्या ओढत जमिनीकडे जायचं ठरलं. प्रत्येकाने मोजकंच सामान ठेवायचं. दोनच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, शॅकल्टनने हुकूम दिला की जे स्वतःचं ओझं ओढू शकत नाहीत त्यांना पोसता येणार नाही. तीन लहान पिल्लं, सिरियस नावाचं एक थोडं मोठं पिल्लू आणि मिसेस चिप्पी, सगळ्यांना गोळी घातली. क्रीन आणि सुतार यांना ते फार लागलं, हे शॅकल्टननेच लिहून ठेवलंय.

आता यावर माझं मत. तो निर्णय क्रूर होता, पण मला तो चुकीचा म्हणता येत नाही. बोक्याला बर्फावर मोकळं सोडलं असतं तर कुत्र्यांनी फाडलं असतं. पुढे सील मिळेनासे झाले तशी कुत्रीही गेली. जानेवारी १९१६ मध्ये बहुतेक, उरलेली नंतर. गोळी झाडण्याचं काम मुख्यतः फ्रँक वाइल्डकडे होतं, आणि शर्यत जिंकलेली गाडी त्याचीच होती. शेवटच्या कुत्र्यांचं मांस माणसांनी खाल्लं. ६९ पैकी एकही परत आलं नाही. हा शेवट मी सांगितला, कारण तो शिबिरात कोणी सांगत नाही.

मला थांबायचंय ते पुढच्या प्रकरणावर. २७ डिसेंबर १९१५. दोन महिने उलटले होते. मऊ, गुडघाभर बर्फातून होड्या ओढणं चाललं होतं, दिवसभर जीव काढून मैल-दोन मैल. सुतार मॅकनिश थांबला आणि म्हणाला, मी ओढणार नाही. या होड्या अशा ओढल्या तर फुटतील, मग समुद्रात काय घेऊन जाणार, हा एक मुद्दा. त्याआधी बुडत्या बोटीच्या लाकडातून छोटं गलबत बांधू, असंही त्याने सुचवलं होतं, ते मान्य झालं नव्हतं. दुसरा मुद्दा कायद्याचा. बोट बुडाली, करार संपला, आता मी कोणाचा नोकर?

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या काळच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर नियमच तसा होता. जहाज गेलं की खलाशाचा पगार त्या दिवसापासून बंद. माणूस होडीत जीव वाचवत असला तरी मालकाच्या वहीत त्याचं खातं बंद झालेलं. आमच्याकडे 'मुलगा बोटीवर असतो' असं अभिमानाने सांगणारी घरं गावोगाव आहेत, त्यांना या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको. हे बदलायला १९२० साल उजाडलं. त्या वर्षी जिनोआला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बोट बुडाल्यावरच्या बेकारीच्या भरपाईचा करार केला, तिला दोन महिन्यांच्या पगाराची मर्यादा घालायची मुभा ठेवून.

शॅकल्टनने सगळ्यांना उभं करून करार वाचून दाखवला. त्यात एक जादा कलम होतं, की जहाजावर, होडीत किंवा किनाऱ्यावर कप्तान सांगेल ते काम करावं लागेल. सुतार एकटा पडला आणि पुन्हा दोरीला लागला. मोजून काही तासांचं बंड. शॅकल्टनच्या मनातून मात्र ते गेलं नाही. आणि होड्या ओढणं? दोनच दिवसांत सोडून द्यावं लागलं.

एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटला आणि तीन होड्यांतून सगळे एलिफंट आयलंड नावाच्या ओसाड खडकावर पोहोचले. तिथे कोणी शोधायला येणं शक्यच नव्हतं. मदत आणायची तर सुमारे आठशे सागरी मैलांवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर, जगातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रातून. होडी साडेबावीस फुटांची, उघडी, नाव 'जेम्स केअर्ड'. (केअर्ड म्हणजे मोहिमेला पैसे देणारा डंडीचा तागाचा कारखानदार. डंडीचा ताग जायचा बंगालमधून. असो.) ती होडी समुद्रात टिकेल अशी कोणी केली? मॅकनिशने. कडा उंचावल्या, स्लेजच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणं ठोकून वर गोठलेलं किंतान ताणून छप्पर केलं, फटी बुजवायला दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त. २४ एप्रिलला सहा जण निघाले. त्यात शॅकल्टनने सुतारालाही घेतलं. बावीस जण खडकावर मागे राहिले.

होडी पोहोचली, एवढं मला फोडावं लागतंय, नाहीतर पुढचं सांगताच येणार नाही. बेटावर उतरल्यावर तिघं बर्फाचे डोंगर ओलांडायला निघाले, तेव्हा त्यांच्या बुटांच्या तळव्यांत होडीचेच स्क्रू बसवून दिले तेही याच माणसाने. खडकावरच्या बावीस जणांचं काय झालं, ते मी सांगणार नाही.

मोहिमेनंतर 'पोलर मेडल' द्यायचं ठरलं. शिफारस शॅकल्टनची. त्याने चार नावं गाळली आणि त्यात मॅकनिशचं एक. मोहिमेतल्याच एका सहकाऱ्याने पुढे स्पष्ट म्हटलं की म्हाताऱ्या सुताराइतका त्या पदकाचा हक्कदार कोणी नव्हता आणि हा घोर अन्याय झाला. त्या सहकाऱ्याचं नाव सांगितलं तर शेवट फुटेल, म्हणून सांगत नाही.

तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत पुरस्कारांच्या याद्या छापण्यात माझी वीस वर्षं गेली. यादीत कोण आहे ते वाचून बातमी होते, पण कोण नाही ते वाचलं की गाव कळतं. बोक्याला मारणं परिस्थितीने भाग पाडलं. पदक नाकारायला कसलीच परिस्थिती नव्हती. तेव्हा बर्फ नव्हता, भूक नव्हती, समोर फक्त कागद होता.

मॅकनिश पुढे न्यूझीलंडला गेला. हात कामातून गेलेले, वेलिंग्टनच्या धक्क्यावर गोदामात ताडपत्रीखाली झोपायचा, नंतर निराधारांच्या आश्रमात. त्याला म्हातारपणी भेटलेल्या एकाने आठवण सांगितली आहे. तो पदकाबद्दल बोलायचा नाही, 'शॅकल्टनने माझं मांजर मारलं' एवढंच म्हणायचा. १९३० मध्ये तो वारला. कबरीवर १९५९ पर्यंत साधा दगडही नव्हता. २००४ मध्ये तिथल्या अंटार्क्टिक सोसायटीने कबरीवर खऱ्या आकाराचा कांस्याचा बोका बसवला. मार्च २०२२ मध्ये एन्ड्युरन्स बोट वेडेल समुद्राच्या तळाशी ३००८ मीटर खोल सापडली, जगभर बातम्या झाल्या. सुताराचं पदक द्या अशी मागणी अनेकांनी केली. ते काही मिळालेलं नाही.

बावीस जणांचं हवं असेल तर आल्फ्रेड लान्सिंगचं 'एन्ड्युरन्स' वाचा, १९५९ चं पुस्तक आहे, अजून मिळतं. मागचं पान आधी उघडू नका.