एकेक ओळ: कर्सरची कुळकथा

पीएचपी शिकलेल्या माणसाला एक व्हाइल लूप तोंडपाठ असतो. क्वेरी पाठवायची, रिझल्ट एका चलात धरायचा, मग लूपमध्ये फेच करत एकेक ओळ काढून पानावर छापायची. ओळी संपल्या की लूप थांबतो. पण क्वेरीत तर आपण ‘पुण्यातले सगळे ग्राहक दे’ असे एका दमात मागितलेले असते. मग उत्तर हप्त्याहप्त्याने का?

ही तडजोड सत्तरच्या दशकातली. त्याआधी डेटाबेसमधली नोंद गाठायची तर प्रोग्रामरला दुव्यांच्या वाटेने एका नोंदीवरून दुसरीवर जावे लागे. या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन. १९७३चा ट्युरिंग पुरस्कार घेताना केलेल्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला ‘नॅव्हिगेटर’ म्हटले, आणि तेही कौतुकाने. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांना नेमकी हीच वणवण नको होती. त्यांनी जून १९७०च्या आपल्या निबंधात रिलेशनल मॉडेल मांडले. काय हवे तेवढे सांगा, तिथवर कसे पोचायचे ते यंत्र पाहील, आणि उत्तर म्हणून पुन्हा एक अख्खा संच मिळेल, असा त्या विचाराचा रोख होता.

त्याच प्रयोगशाळेत डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस यांनी १९७४मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. आजची एसक्यूएल तिचीच वारस. अडचण आली ती ही भाषा पीएल/वन आणि कोबॉलच्या प्रोग्राममध्ये बसवताना. या भाषांना एका वेळी एक नोंद हाताळायची सवय. उत्तरात दहा ओळी येणार की दहा लाख, हे आधी ठाऊक नसताना जागा राखून ठेवायची तरी किती? सिस्टिम आर या प्रकल्पाच्या १९७६च्या निबंधात यावरचा तोडगा दिसतो: कर्सर. उत्तराच्या संचाला एक नाव द्यायचे आणि त्यातल्या कोणत्या ओळीवर आपण आहोत, तेवढी खूण सांभाळायची. जपमाळेत बोट एका मण्यावर असते, पुढचा मणी ओढला की मागचा सुटतो, आणि मेरुमणी लागला की थांबायचे. कर्सरचे चालणे तसेच. कॉड यांनी पुढच्या दाराने घालवलेली वणवण मागच्या दाराने घरात आली, पण या वेळी फक्त उत्तराच्या अंगणापुरती. मला ही माघार शहाणपणाची वाटते.

१९८६च्या एसक्यूएल प्रमाणकात कर्सर जाहीर करणे, उघडणे, फेच करणे आणि बंद करणे हे सगळे पक्के झाले. सोबत एसक्यूएलकोड नावाचा एक आकडाही आला: शून्य म्हणजे काम झाले, १०० म्हणजे ओळी संपल्या, ऋण म्हणजे घोटाळा. संपणे वेगळे आणि बिघडणे वेगळे, हा भेद त्यात स्वच्छ होता.

पीएचपीने तो भेद बराच पुसट केला. पीएचपीचे जनक रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५मध्ये आपली साधने खुली केली. सुरुवातीला एमएसक्यूएल या डेटाबेसचा रिझल्ट वाचताना ओळीचा क्रमांक आणि रकान्याचे नाव देऊन एकेक खण उचलावा लागे. १९९८च्या पीएचपी ३पर्यंत अख्खी ओळ अ‍ॅरे म्हणून हातात देणारी फेच फंक्शने रुळली आणि तो लूप जन्माला आला. ओळी संपल्या की फेच ‘फॉल्स’ देई. पण क्वेरीच फसली तर रिझल्टच्या जागीही ‘फॉल्स’ येई. तो न तपासता फेच केले की ‘हा वैध मायएसक्यूएल रिझल्ट नव्हे’ अशा अर्थाची वॉर्निंग पानभर उमटे. त्या काळी कित्येक साइटवर पाहुण्यांचे स्वागत तीच करी.

गंमत अशी, की मूळ तडजोडीचे कारण इथे बहुधा उरलेलेच नसते. पीएचपीत मायएसक्यूएलला नेहमीच्या पद्धतीने क्वेरी केली, की सगळ्या ओळी आधीच वेब सर्व्हरच्या मेमरीत येऊन पडतात. लूप डेटाबेस सर्व्हरकडून एकेक ओळ मागवत नाही. घरात आलेला साठा चाळतो. एकूण ओळी किती, हे पहिल्या फेचआधी सांगता येते ते त्यामुळेच. खरोखर एकेक ओळ ओढायची तर अनबफर्ड क्वेरी लागते, आणि मग सगळ्या ओळी संपवल्याशिवाय किंवा रिझल्ट सोडून दिल्याशिवाय त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही.

मराठी मजकूर ठेवणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. टेबल युनिकोडमध्ये असले तरी कनेक्शन लॅटिन-१ राहिले, तर फेच केलेल्या ओळीत देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग येई. ‘सेट नेम्स यूटीएफ८’ हा त्यावरचा उतारा, लूपइतकाच तोंडपाठ.

जुनी मायएसक्यूएल फंक्शने डिसेंबर २०१५च्या पीएचपी ७मधून काढून टाकली. त्याआधीच, २००४मध्ये, पीएचपी ५सोबत मायएसक्यूएलआय हे नवे एक्स्टेन्शन आले होते. त्यात ओळी संपल्यावर ‘नल’ आणि बिघाड झाल्यास ‘फॉल्स’, असा भेद पुन्हा आला. व्हाइल लूपला मात्र दोन्हींचा अर्थ एकच: थांब. म्हणून २०२१च्या पीएचपी ८.१मध्ये मायएसक्यूएलआय चूक झाली की थेट एक्सेप्शन फेकू लागले, न मागता.