हाडं खरी, डायनासोर खोटा

खोटं फॉसिल, म्हणजे जीवाश्म, म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी प्लास्टरचं हाड करून त्याला रंग मारला असेल. तसंही होतं. पण आजच्या गोष्टीत हाडं अस्सल होती, कोट्यवधी वर्षांपूर्वीची. खोटी होती ती जोडणी.

वर्ष १९९९. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात दरवर्षी रत्नं, खनिजं आणि जीवाश्मांचा मोठा बाजार भरतो. तिथे युटा राज्यातल्या एका छोट्या डायनासोर म्युझियमचे स्टीफन झेर्कस यांना एक दगडी पाटी दिसली. पुढचा भाग पक्ष्याचा, शेपूट डायनासोरचं! पक्षी डायनासोरांपासून आले, याचा इतका सुबक पुरावा कोण सोडेल? ८०,००० डॉलर मोजून पाटी घेतली गेली.

पाटी मूळची चीनच्या लिआओनिंग प्रांतातली. तिथले शेतकरी जीवाश्म खणून विकायचे. आता तुम्हीच सांगा, तुटक्या तुकड्याला भाव जास्त की अख्ख्या प्राण्याला? म्हणून तुकडे चिकटवले जायचे.

जुलैमध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टिमथी रो यांनी पाटीचा सीटी स्कॅन केला. तुकडे जुळत नव्हते. त्यांनी तसं सांगितलंही. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन्ही नियतकालिकांनी शोधनिबंध नाकारला. तरीही ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या नोव्हेंबरच्या अंकात ‘आर्किओरॅप्टर’ झळकलाच.

खरी गंमत पुढे आहे. असा दगड फोडला की पोळीचे पदर सुटावेत तशा त्याच्या दोन पाट्या होतात, आणि दोन्हींवर एकाच प्राण्याच्या खुणा राहतात. चिनी शास्त्रज्ञ शू शिंग यांना डिसेंबरमध्ये त्या शेपटाची दुसरी बाजू सापडली. तिच्यावर धड मात्र वेगळंच होतं! पुढे रो यांच्या गटाने मोजलं, तर ८८ तुकडे निघाले. दोन पाय म्हणून लावलेले भाग तर एकाच पायाच्या दोन बाजू होत्या.

मला फसवणुकीपेक्षा नासाडी जास्त खटकते. ते शेपूट होतं मायक्रोरॅप्टरचं, अगदी छोट्या पिसाळ डायनासोरचं. पुढचा भाग यानॉर्निस नावाच्या प्राचीन पक्ष्याचा. एका खोट्या प्राण्यापायी दोन खरे प्राणी झाकले गेले.

आता एक फरक लक्षात घ्या. दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे. म्युझियममधल्या सांगाड्यांतही बनवलेली हाडं असतात, फक्त कुठली ते सांगितलेलं असतं. लपवली की लबाडी. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या म्युझियमने ब्राझीलमधली एक कवटी घेतली होती. गॅरेजवाला पत्र्यावर लांबी भरतो तसा भराव घालून विक्रेत्यांनी तिचं नाक लांबवलं होतं. शास्त्रज्ञ इतके वैतागले, की १९९६ मध्ये त्यांनी त्या डायनासोरचं नावच ठेवलं ‘इरिटेटर’!

मग विकत घेताना बघायचं काय? टॉर्च आडवा धरा, सांधे उठून दिसतात. दगडातली भेग हाडातूनही सरळ जाते का, ते पाहा. अतिनील प्रकाशात गोंद आणि रंग बरेचदा हाडापेक्षा वेगळे चमकतात. भिंगातून बारीक गोल बुडबुडे दिसले तर ते ओतीव रेझिन असू शकतं. विक्रेत्याला थेट विचारा, ‘यात मूळ हाड किती आणि भरलेलं किती?’ लेखी घ्या. तुकडा कुठल्या ठिकाणचा, कुठल्या थरातला आणि देशाबाहेर कुठल्या परवानगीने आला, त्याचे कागदही मागा. चीन आणि ब्राझीलमधून असे जीवाश्म परवानगीशिवाय बाहेर नेणं बेकायदा आहे. आर्किओरॅप्टरची पाटी शेवटी चीनला परत गेली.

आणि तुकडा फारच परिपूर्ण दिसत असेल, तर पाकीट काढण्याआधी आणखी एकदा टॉर्च मारा. भेटू पुढच्या भागात!