विषारी जमीन साफ कोण करतं, पैसे कोण देतं? न्यू जर्सी राज्याचा कार्यक्रम समजून घ्या

जुलै २००६. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात फ्रँकलिन टाउनशिप इथलं एक पाळणाघर अचानक बंद करण्यात आलं. कारण कळलं तेव्हा पालक हादरले. ज्या इमारतीत त्यांची मुलं रोज खेळत होती, जेवत होती, झोपत होती, तिथे पूर्वी थर्मामीटर बनवण्याचा कारखाना होता. तो १९९४ मध्ये बंद पडला, मालक निघून गेला, पण पारा तिथेच राहिला. इमारतीतल्या हवेत पाऱ्याची वाफ होती. तपासणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांच्या शरीरात पाऱ्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

त्याहून धक्कादायक गोष्ट म्हणजे ही जागा सरकारला माहीत होती. प्रदूषित जागांच्या राज्याच्या यादीत तिचं नाव होतं. तरीही तिथे पाळणाघर सुरू झालं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रदूषित जमीन साफ करणं म्हटलं की आपल्यासमोर पोकलेन, मास्क घातलेले कामगार आणि मातीने भरलेले ट्रक येतात. पण ते काम तुलनेने सोपं. अवघड प्रश्न वेगळेच असतात. खर्च कोण करणार? जागा साफ झाली हे कोण ठरवणार? आणि तीस वर्षांनी त्या जागेखाली काय आहे हे कोण लक्षात ठेवणार? न्यू जर्सी गेली जवळपास पन्नास वर्षं या प्रश्नांशी झुंजतंय.

न्यू जर्सीच का?

न्यू जर्सी हे अमेरिकेतलं सर्वात दाट लोकवस्तीचं राज्य. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या मधोमध. बंदर, रेल्वे, नद्या सगळं हाताशी असल्याने तेल शुद्धीकरण, रसायनं, रंग, कीटकनाशकं आणि औषधं यांचे कारखाने इथे शंभरहून अधिक वर्षं चालले. कचरा नदीत, खड्ड्यात किंवा शेजारच्या माळावर टाकला जायचा.

नेवार्कमध्ये व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या 'एजंट ऑरेंज'चं उत्पादन व्हायचं. त्यातलं डायॉक्सिन पसेइक नदीच्या गाळात उतरलं. मराठी माणसांच्या ओळखीच्या एडिसनमध्येच किन-बक नावाचं डम्पिंग ग्राउंड आहे. तिथे १९७० च्या दशकात कोट्यवधी गॅलन विषारी द्रव कचरा ओतला गेला.

परिणाम असा की, केंद्र सरकारच्या सर्वात धोकादायक जागांच्या यादीत शंभरहून अधिक जागा एकट्या न्यू जर्सीच्या आहेत. इतर कुठल्याही राज्याच्या इतक्या नाहीत. राज्याच्या स्वतःच्या यादीत तर हजारो जागा आहेत. त्यात मोठ्या कारखान्यांइतकेच कोपऱ्यावरचे पेट्रोल पंप आणि ड्रायक्लीनिंगची दुकानंही येतात.

केंद्राचं काम काय, राज्याचं काय?

अमेरिकेत यासाठी 'सुपरफंड' नावाचा केंद्रीय कायदा १९८० मध्ये आला. पण न्यू जर्सीने त्याच्या आधीच, १९७६ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. त्याला 'स्पिल ॲक्ट' म्हणतात. सुपरफंडचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स फ्लोरिओ हे न्यू जर्सीचेच खासदार. ते पुढे राज्याचे गव्हर्नर झाले.

कामाची वाटणी साधारण अशी आहे. सर्वात गंभीर जागा केंद्राच्या यादीत जातात. तिथे केंद्र आपल्या निधीतून काम करत असेल तर स्वच्छतेच्या खर्चातला १० टक्के वाटा राज्याला द्यावा लागतो. काम झाल्यावर पुढची देखभालही राज्याकडेच येते, आणि ती कित्येक दशकं चालू शकते. बाकीच्या हजारो जागा राज्याने सांभाळायच्या. ते काम राज्याचं पर्यावरण संरक्षण खातं करतं. १९७० मध्ये जगातला पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, त्याच दिवशी हे खातं सुरू झालं.

पैसे कोण देतं?

या कार्यक्रमाचा कणा म्हणजे 'घाण करणाऱ्याने खर्च करायचा' हे तत्त्व. स्पिल ॲक्टमध्ये ते फार कडक आहे.

पहिली गोष्ट, चूक सिद्ध करण्याची गरज नाही. तुमच्यामुळे विष जमिनीत गेलं, एवढं पुरेसं आहे. त्या काळात तो कचरा टाकणं कायदेशीर होतं, हा बचाव चालत नाही.

दुसरी गोष्ट, दहा जणांनी मिळून घाण केली असेल आणि नऊ जण दिवाळखोर झाले असतील, तर उरलेल्या एकाकडून पूर्ण खर्च वसूल होऊ शकतो. त्याने बाकीच्यांना शोधत बसावं.

तिसरी गोष्ट, सरकारने आदेश देऊनही तुम्ही हललं नाहीत आणि सरकारलाच साफसफाई करावी लागली, तर खर्चाच्या तिप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. शिवाय सरकारचा खर्च त्या मालमत्तेवर चढतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो तसाच हा प्रकार. फरक इतकाच की प्रदूषित जागेपुरता हा बोजा बँकेच्या कर्जाच्याही आधी येतो. त्यामुळे कर्ज देण्यापूर्वी बँकाच जमिनीची चौकशी करू लागल्या.

पण मालक सापडलाच नाही तर? त्यासाठी कायमस्वरूपी निधी लागतो. न्यू जर्सीने तेल आणि घातक रसायनांच्या उलाढालीवर कर लावून असा निधी उभा केला. १९९६ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली आणि कंपन्यांच्या करातला ४ टक्के हिस्सा पर्यावरणाच्या कामांसाठी राखून ठेवला. प्रदूषित जागांची स्वच्छता हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

घटनेतच का लिहायचं? कारण तिजोरीत पैसा दिसला की तो दुसरीकडे वळवण्याचा मोह प्रत्येक सरकारला होतो. २०१५ चं उदाहरण घ्या. एक्सॉनमोबिलच्या दोन तेल शुद्धीकरण प्रकल्पांमुळे झालेल्या नैसर्गिक हानीपोटी राज्याने ८.९ अब्ज डॉलर मागितले होते. तडजोड झाली २२.५ कोटी डॉलरवर. त्यातलाही मोठा भाग राज्याच्या सर्वसाधारण खर्चाकडे गेला. लोक चिडले. २०१७ मध्ये आणखी एक घटनादुरुस्ती मतदानाने मंजूर झाली. नैसर्गिक हानीच्या भरपाईचा पैसा निसर्गासाठीच वापरायचा, असं त्यात आहे.

केंद्राचा अनुभवही हेच सांगतो. सुपरफंडचा कर १९९५ मध्ये संपला आणि सुमारे पंचवीस वर्षं पुन्हा लागलाच नाही. त्या काळात मालक नसलेल्या जागांचा भार सामान्य करदात्यांवर येत गेला.

जागा विकायची? आधी साफ करा

न्यू जर्सीने १९८३ मध्ये एक हुशार नियम आणला. औद्योगिक जागा विकायची असेल किंवा कारखाना बंद करायचा असेल, तर आधी तपासणी आणि गरज पडल्यास स्वच्छता करावी लागते, किंवा तशी हमी द्यावी लागते. १९९३ मध्ये या कायद्यात सुधारणा झाली.

विक्रीचीच वेळ का पकडली? कारण त्या क्षणी मालक समोर असतो, त्याला पैसे मिळणार असतात आणि खरेदीदाराला स्वच्छ जागा हवी असते. हा क्षण हातातून गेला की मालक शोधत फिरावं लागतं. पाऱ्याच्या कारखान्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

प्रत्यक्ष काम कसं होतं?

१. जुनी कागदपत्रं, नकाशे, विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रं तपासतात. इथे काय बनायचं, टाक्या कुठे होत्या, कचरा कुठे जायचा याचा इतिहास काढतात.

२. संशय असलेल्या ठिकाणी माती आणि भूजलाचे नमुने घेतात.

३. विष सापडलं तर ते किती खोल आणि किती लांब पसरलं आहे हे शोधतात. शेजारच्या विहिरी आणि घरांतली हवाही तपासतात, कारण काही रसायनांची वाफ जमिनीतून तळघरात शिरते.

४. उपाय ठरतो. माती उकरून नेणं, जागेवर डांबर किंवा मातीचा जाड थर देऊन ती बंदिस्त करणं, भूजल उपसून शुद्ध करणं, जमिनीतली वाफ शोषून घेणं यांपैकी जे योग्य असेल ते.

५. पुन्हा नमुने घेतात आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो.

सरकारी माणसं कमी पडली, तेव्हा

पूर्वी प्रत्येक टप्प्यावर खात्याची मंजुरी लागायची. २००० च्या दशकात सुमारे २०,००० प्रकरणं तुंबली होती. एका अहवालावर सही व्हायला वर्षानुवर्षं लागायची आणि तोवर विष जमिनीतच असायचं.

२००९ मध्ये राज्याने पद्धत बदलली. आता जबाबदार कंपनीने परवानाधारक खासगी तज्ज्ञ नेमायचा. तोच कामावर देखरेख करतो आणि शेवटचा दाखलाही तोच देतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने ही वाट १९९३ मध्येच धरली होती.

लगेच मनात येणारी शंका अगदी रास्त आहे. ज्याच्याकडून फी घ्यायची, त्याच्याच जागेला दाखला द्यायचा? कुंपणच शेत खाणार नाही कशावरून?

म्हणून काही लगाम आहेत. लोकांचं आरोग्य ही तज्ज्ञाची पहिली जबाबदारी, ग्राहक नंतर, असं कायद्यातच लिहिलं आहे. तातडीचा धोका दिसला तर ग्राहकाची इच्छा असो वा नसो, त्याला सरकारला कळवावंच लागतं. वेगळं मंडळ परवाने देतं आणि काढूनही घेतं. दाखला दिल्यानंतर तीन वर्षांपर्यंत खातं त्याची तपासणी करू शकतं. मुदती पाळल्या नाहीत तर खातं प्रकरण थेट आपल्या ताब्यात घेतं.

यामुळे तुंबलेली कामं पुढे सरकली. पण ही पद्धत टिकते ती सरकारी तपासणीच्या धाकावर. खात्यात तपासणारी माणसंच उरली नाहीत, तर दाखल्याला अर्थ राहणार नाही.

'साफ' म्हणजे किती साफ?

हा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. साफ झालेली प्रत्येक जागा विषमुक्त नसते. अनेक ठिकाणी विष जमिनीतच ठेवून वरून झाकलेलं असतं. सगळी माती उकरून नेणं कधी परवडत नाही, कधी शक्यच नसतं. वाहनतळाखाली बंदिस्त असलेलं शिसं कुणाच्या पोटात जात नाही, असा त्यामागचा हिशोब.

पण मग वाहनतळ उकरायचा नाही, हे पुढच्या पिढीला कळायला हवं. त्यासाठी मालमत्तेच्या दस्तात नोंद केली जाते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात असते तशीच. खात्याचा परवाना घ्यावा लागतो आणि आवरण शाबूत आहे, हे दर दोन वर्षांनी लिहून द्यावं लागतं.

शिवाय मर्यादाही बदलतात. काल सुरक्षित वाटलेलं प्रमाण आज घातक ठरू शकतं. 'कायमस्वरूपी रसायनं' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातल्या एका रसायनाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा न्यू जर्सीने २०१८ मध्ये ठरवली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. एखादी मर्यादा दहापट किंवा त्याहून कडक झाली, तर आधी साफ ठरलेल्या जागेचाही पुन्हा विचार करावा लागतो.

पाळणाघराच्या घटनेनंतर २००७ मध्ये आणखी एक कायदा झाला. आता पाळणाघराला परवाना देण्यापूर्वी त्या जागेचा पूर्वेतिहास तपासावा लागतो. यादी आधीही होती. पाळणाघराचा परवाना देणाऱ्या टेबलापर्यंत ती पोहोचत नव्हती, एवढाच काय तो प्रश्न होता.

तिथे घर घेत असाल तर

न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या कायद्याचा चटका बसू शकतो. अनेक जुन्या घरांच्या अंगणात घर गरम ठेवण्यासाठीच्या तेलाची टाकी पुरलेली असते. ती गळत असेल तर साफसफाईचं प्रकरण नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतं. म्हणून खरेदीपूर्वी अंगणात टाकी आहे का, हे यंत्राने तपासून घ्या. जवळपासच्या प्रदूषित जागा राज्याच्या 'जिओवेब' या नकाशावर आणि 'डेटामायनर' या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात प्रदूषित जागांसाठी स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. त्यात तथ्य आढळलं तर सविस्तर तपासणी आणि मग जबाबदार व्यक्तीकडून खर्चाची वसुली. जबाबदार माणूस सापडत नसेल तर केंद्र आणि राज्य मिळून खर्च उचलतात. खाणी, किरणोत्सर्गी कचरा आणि घनकचऱ्याची डम्पिंग ग्राउंड यांच्यासाठी वेगळे कायदे असल्याने ते यात सरसकट येत नाहीत.

भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला. दुर्घटनेला तेव्हा चाळीस वर्षं उलटून गेली होती. त्या परिसरातली माती आणि भूजल यांचा प्रश्न अजून बाकी आहे.

नियम आले ही चांगली गोष्ट. पण ते किती कामाचे ठरतात, हे पुढच्या चार गोष्टींवर अवलंबून असेल. जागांची यादी लोकांना सहज बघता येते का? निधी दुसरीकडे वळवता येणार नाही अशी सोय आहे का? दाखला देणाऱ्यावर कुणाची नजर आहे का? आणि बांधकाम किंवा शाळेची परवानगी देणारा अधिकारी ती यादी उघडून बघतो का? तुमच्या गावात, शहरात जुन्या कारखान्याच्या जागेवर काही नवीन उभं राहत असेल, तर यातला शेवटचा प्रश्न नगरपालिकेला जरूर विचारा.