रस्त्यावरचा दिवा, सोयाबीन आणि विमानतळावरचा गांजा

"बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेतून हायड्रोपोनिक गांजा जप्त." गेल्या दोन-तीन वर्षांत मुंबई विमानतळाच्या नावाने ही बातमी इतक्या वेळा छापून आली आहे की आता ती पावसाच्या बातमीसारखी वाटते. परवा आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी विचारलं, "काय रे, तू शेतीतला ना? हे हायड्रोपोनिक म्हणजे काय नवीन केमिकल आहे का?" मी म्हटलं, "नाही हो काका, त्याचा अर्थ फक्त मातीशिवाय वाढवलेलं, एवढाच." पण उत्तर देताना जाणवलं की खरी गोष्ट पाण्याची नाहीच. ती उजेडाची आहे, आणि त्याहून जास्त अंधाराची. थोडं विस्कटून सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात गांजापासून नाही, सोयाबीनपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावाकडे फाट्यावर नवीन मोठा दिवा बसला. रात्रभर लख्ख उजेड. त्या वर्षी फाट्याला लागून असलेल्या एका शेतात अजब प्रकार झाला. सगळं सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलं आणि दिव्याकडच्या बाजूचा पट्टा मात्र हिरवागार, गुडघ्याच्या वर, शेंगा नावालाच. शेतकरी तडक बियाणं घेतलं त्या दुकानात. "बोगस बी दिलं!" दुकानदार म्हणतो, "त्याच पिशवीतलं बी बाकीच्या रानात चाललं ना?" भांडण पंधरा दिवस चाललं. मला फोटो पाठवले होते. मी कृषीचा पदवीधर, आणि मीही आधी नत्र जास्त झालं असेल म्हणून मोकळा झालो. संध्याकाळी स्वतः फाट्यावर जाऊन उभा राहिलो, दिवा लागला, आणि हिरव्या पट्ट्याची कड उजेडाच्या कडेशी जुळलेली दिसली तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातला धडा होता तो.

तो धडा जिथे लिहिला गेला तिथे जाऊ. अमेरिकेच्या कृषी खात्याचं वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन फार्म नावाचं प्रक्षेत्र होतं. तिथे वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड हे दोघे तंबाखूच्या एका विचित्र वाणाने हैराण झाले होते. नाव मेरीलँड मॅमथ. हा पठ्ठ्या उन्हाळाभर वाढतच राहायचा, पुरुषभर उंचीच्याही वर जायचा, पण फूल धरायचा नाही, आणि मग थंडीने मरायचा. बी मिळणार कसं? झाडं काचघरात नेली तर नाताळच्या सुमाराला मुकाट्याने फुलली. दुसरीकडे सोयाबीनचं कोडं होतं. आठवड्या-आठवड्याच्या अंतराने पेरा, सगळं जवळपास एकाच वेळी फुलतं. तापमान, खत, ओलावा, सगळं तपासून झालं. शेवटी १९१८ च्या जुलैमध्ये त्यांनी एक साधी अंधारी खोली केली. दुपारी चार वाजता कुंड्या आत, सकाळी नऊला बाहेर. भर उन्हाळ्यात झाडं फुलली. १९२० मध्ये निबंध छापून आला आणि 'दिनमान' ही गोष्ट वनस्पतिशास्त्रात पक्की बसली.

आता गंमत पाहा. श्रेय गार्नर-अलार्ड यांचं, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या आधी पॅरिसमध्ये ज्युलियाँ तूर्न्वा नावाचा तरुण अभ्यासक याच दारापर्यंत पोचला होता, आणि त्याच्या कुंडीत काय होतं? भांग! म्हणजे हेम्प, कॅनाबिसच, आणि त्याच कुळातला हॉप. हिवाळ्यात काचघरात पेरलेली ही झाडं बोटभर असतानाच फुलतात हे त्याने पाहिलं. १९१२ च्या आसपास त्याने उजेडाचे तास मुद्दाम कमी करून तेच घडवून आणलं. पुढे त्याने असंही लिहिलं की कारण दिवस लहान होणं यापेक्षा रात्र लांब होणं हे असावं. पुढे काम वाढवणार तोच पहिलं महायुद्ध आलं आणि तो त्यात मारला गेला. दिनमानाचा शोध ज्या पहिल्या झाडांवर लागला त्यात गांजाचं झाड होतं, हे आपल्या पुस्तकांत तळटीप म्हणूनही येत नाही.

तूर्न्वाचं म्हणणं खरं निघालं ते १९३८ मध्ये. हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर प्रयोग केले (तोच, ज्याची काटेरी फळं गुरांच्या शेपटीला आणि आपल्या धोतर-पँटला चिकटतात). लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला की झाड फुलायचं थांबतं. उलट दिवसाच्या मध्ये अंधार केला तर त्याला काही फरक पडत नाही. म्हणजे झाड मोजतं ते रात्र, आणि तीही सलग. पुढे बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि मंडळींनी १९५९ पर्यंत झाडातला तो 'डोळा' शोधला, फायटोक्रोम. तांबड्या उजेडाला जागणारं रंगद्रव्य. शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्ये रात्री बल्ब लावून फूल लांबवतात आणि काळं कापड ओढून फूल आणतात, ते याच ज्ञानावर. आमच्या फाट्यावरच्या दिव्याने सोयाबीनला तेच केलं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

पाण्यावरच्या शेतीची गोष्ट वेगळीच आहे. झाडाला माती नको, क्षार हवेत, हे जर्मनीत साक्स आणि क्नॉप यांनी १८६० च्या आसपासच दाखवलं होतं. पण त्याचा गाजावाजा केला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विल्यम गेरिक यांनी. घरामागे टाक्यांत पंचवीस फुटी टोमॅटोचे वेल चढवले, शिडी लावून तोडणी केली, फोटो देशभर गेले. १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केलं. लोकांना वाटलं आता शेतीच संपली. तेव्हा त्याच विद्यापीठातल्या होगलँड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये शांतपणे लिहिलं की चांगल्या मातीपेक्षा यात उत्पन्न जास्त येतं असं काही नाही. पाण्यात जादू नाही. जिथे माती नाही तिथे ते उपयोगी. म्हणून तर वेक बेटावर विमान कंपनीच्या मुक्कामी भाजी पिकली आणि युद्धात असेन्शन बेटाच्या खडकावर सैनिकांना सॅलड मिळालं. आपल्याकडेही १९४६ पासून कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी कमी खर्चाची पद्धत बसवली, 'बंगाल पद्धत' म्हणून तिच्यावर १९५१ मध्ये पुस्तक आलं. गरिबाच्या गच्चीवर भाजी व्हावी हा हेतू. त्या शब्दाला पुढे कुठली बातमी चिकटणार आहे हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

मग गांजा घरात का गेला? उन्हात फुकट येणारं झाड. ऊस, कापूस यांच्या आडोशाला कुणी लावलं तरी तरारून येतं. त्याला खोलीत कोंडून विजेचा सूर्य कोण देईल? ज्याला आकाशाची भीती आहे तो.

अमेरिकेत १९३७ च्या करकायद्यापासून हे झाड बेकायदा होत गेलं. तरी सत्तरच्या दशकापर्यंत माल बराचसा मेक्सिकोतून यायचा. तिथल्या शेतांवर तणनाशक फवारलं गेलं, ग्राहक बिचकले, आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात घरचा गांजा सुरू झाला. १९८३ मध्ये सरकारने 'कॅम्प' नावाची मोहीम काढली. हेलिकॉप्टरने डोंगर पिंजून काढायचे, झाडं उपटायची. शेतकरी काय करणार? छपराखाली गेला. साठच्या दशकात रस्त्यांसाठी आलेले सोडियम दिवे खोलीत टांगले गेले. अफगाण जातीची बुटकी, लवकर फुलणारी झाडं खोलीत मावणारी म्हणून इतरांशी संकरली गेली, ती बियाणी हॉलंडला पोचली, आणि तिथे यातून एक उद्योगच उभा राहिला. गार्नर-अलार्डची अंधारी खोली आता झाडाला वर्षभर, हव्या त्या महिन्यात फुलवत होती. काचघरातल्या शेवंतीचीच युक्ती, पीक बेकायदा एवढाच फरक.

सरकार मग दुकानांवर आलं. २६ ऑक्टोबर १९८९ ला ४६ राज्यांत बागकामाचे दिवे आणि हायड्रोपोनिकचं साहित्य विकणाऱ्यांवर एकदम धाडी पडल्या. त्यानंतर भिंतींवर. ओरेगॉनमध्ये १९९२ साली डॅनी किलो नावाच्या माणसाच्या घराबाहेर रस्त्यावर गाडीत बसून अधिकाऱ्यांनी उष्णता टिपणारा कॅमेरा लावला. गॅरेजचं छत शेजाऱ्यांपेक्षा गरम दिसलं. त्यावर वॉरंट घेतलं, आत शंभरावर झाडं सापडली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की वॉरंटशिवाय असा कॅमेरा लावणं हीच झडती. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालिया यांनी, जे कुठल्याही अर्थाने उदारमतवादी नव्हते. त्यांचा मुद्दा असा की हे यंत्र घरातली बाई रोज किती वाजता अंघोळीला जाते हेही सांगू शकेल. आज आपल्याकडे ड्रोन आणि कॅमेऱ्यांची जी चर्चा चालते तिच्यात हा निकाल कुणी काढत नाही. काढायला हवा.

आता आपलं घर बघू. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत केन नावाच्या दारूबंदीवाल्या खासदाराने प्रश्न विचारला आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. सात सदस्य, त्यातले तीन भारतीय. १,१९३ साक्षीदार. १८९४ चा अहवाल तीन हजारांवर पानांचा. गांजा उघड्यावर, परवान्याने, कर भरून पिकत होता. बंगालात नौगाव, मध्य प्रांतात खांडवा, आणि मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर जिल्हा. बंगालात नर झाडं ओळखून उपटणारे खास जाणकार असत, त्यांना 'गांजा डॉक्टर' म्हणत. बी न धरलेल्या मादी फुलांत राळ जास्त, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. आयोगाचा निष्कर्ष होता की माफक सेवनाने विशेष हानी दिसत नाही, अतिसेवन वाईट, पण बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. मला स्वतःला तो अहवाल अगदी निर्मळ वाटत नाही. सरकारचा महसूल त्यात गुंतला होता. पण इतक्या लोकांना विचारून केलेलं धोरण नंतर आपण कधी केलं?

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली होती. ती संपत असताना १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. शेंड्याशिवायची पानं आणि बिया त्यात धरलेल्या नाहीत, म्हणून भांग वाचली. एक किलोपर्यंत छोटी मात्रा, वीस किलोपासून व्यावसायिक, आणि तिथे किमान दहा वर्षं. शेतावर धाड पडते तेव्हा अनेकदा मुळं, खोड, पानं सगळ्यांसकट ओलं वजन होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या प्रकरणांत हा मुद्दा धरलेला आहे, पण तोवर माणूस महिनोन् महिने आत असतो.

आणि इथेच मला खरी अडचण दिसते. कायदा वजन मोजतो, ताकद मोजत नाही. अमेरिकेत जप्त मालातलं टीएचसी १९९५ मध्ये सरासरी चार टक्के होतं, २०१४ मध्ये बारा. खोलीतल्या संकराने आणि उजेडावरच्या ताब्याने ते घडलं. रोज जास्त ताकदीचा गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनोविकाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसला, हे २०१९ चं युरोपातलं संशोधन. तर बॅगेतला ९०० ग्रॅम तेजतर्रार माल 'छोटी मात्रा' आणि बांधावरची चार ओली झाडं 'मोठी'. बांधावर कुणी गांजा लावावा असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पण तराजू बघा.

विजेचंही सांगतो. एव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये अंदाज काढला की अमेरिकेची सुमारे एक टक्का वीज खोलीतल्या गांजावर जाते. २०२१ च्या कोलोरॅडोतल्या अभ्यासात एक किलो सुक्या फुलामागे साधारण २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण निघालं. तिथल्या कित्येक राज्यांत आता परवानगी आहे, तरी खोलीची सवय गेलेली नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये दार उघडलं, २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीपुरतं अर्धं लोटलं. मधल्या काळात तयार झालेल्या खोल्यांचा माल आपल्या विमानतळावर उतरतोय.

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे पाण्यातला गांजा, बरोबर?" मी हो म्हटलं.

फाट्यावरच्या दिव्याचं काय झालं ते राहिलंच. ग्रामपंचायतीने दिव्याला शेताच्या बाजूने पत्रा लावून दिला. पुढच्या वर्षी पट्टा बाकीच्या रानाबरोबर पिवळा पडला. दुकानदार आणि शेतकरी अजून एकमेकांशी बोलत नाहीत.