सेंट मेरीच्या वहीतील पहिले लग्न

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काही ऐतिहासिक’ लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा जिंजी आणि तंजावर ही दोन नावे साहजिकच प्रथम आमच्या मनात आली. परंतु या दोन्ही विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विपुल लिहून ठेवले आहे. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर. इतिहासाशी आमचा संबंध बी. ए.च्या पदवीपुरता आणि पुढे रविवारच्या फावल्या वेळापुरता. तेव्हा ज्या गोष्टीचा माग आम्ही स्वतः थोडाफार काढला, तीच वाचकांपुढे ठेवणे बरे, असा विचार केला. गोष्ट एका दांपत्याची आहे. नवरा जन्माने अमेरिकेतील बोस्टनचा, लग्न येथल्या किल्ल्यात, आणि एकुलत्या मुलाचे थडगे हायकोर्टाच्या शेजारी. मराठी वाचकाला तिचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे.

चेन्नईत पाहुणे आले की आपण त्यांना फोर्ट सेंट जॉर्ज दाखवितो. तेथील सेंट मेरीचे चर्च लोकवर्गणीतून उभे राहिले. २५ मार्च १६७८ रोजी त्याचा पाया घातला गेला आणि २८ ऑक्टोबर १६८० रोजी ते उपासनेसाठी विधिपूर्वक खुले झाले. पुढे १७५३ साली रॉबर्ट क्लाइव्हचे लग्न याच चर्चमध्ये लागले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु येथील लग्नांच्या नोंदवहीतील पहिला मान क्लाइव्हचा नाही. चर्च उघडल्यावर अवघ्या आठवड्याने, ४ नोव्हेंबर १६८० रोजी, एलिहू येल आणि कॅथरिन हिन्मर्स यांचा विवाह झाला. वहीतली पहिली नोंद ती त्यांची.

ज्याच्या नावाने अमेरिकेतील येल विद्यापीठ ओळखले जाते, तोच हा येल. त्याचा जन्म ५ एप्रिल १६४९ रोजी बोस्टन येथे झाला. ते गाव त्या वेळी इंग्रजांच्या वसाहतीत होते. एलिहू तीन वर्षांचा असताना त्याचे आईवडील इंग्लंडला परतले आणि त्याने पुन्हा अमेरिका पाहिली नाही. १६७२ साली तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मद्रासेस उतरला. पगार वर्षाला दहा पौंड. तेथून पायरी पायरी चढत १६८७ साली तो या किल्ल्याचा गव्हर्नर झाला आणि १६९२ पर्यंत त्या पदावर राहिला.

हे झाले सेवापुस्तकातील वृत्त. आम्हां सरकारी माणसांना ते वाचण्याची सवय असते. परंतु एखाद्या कुटुंबाचा इतिहास सेवापुस्तकात सापडत नाही. तो लग्नाची वही, जन्ममृत्यूची वही, थडग्यावरचा लेख आणि मृत्युपत्र अशा चार ठिकाणांहून गोळा करावा लागतो, आणि या चारींची भाषा निराळी असते.

लग्नाच्या नोंदीकडेच पाहावे. तीत वधूचा उल्लेख ‘जोसेफ हिन्मर्सची विधवा’ असा आहे. हिन्मर्स हा किल्ल्यातील कौन्सिलमध्ये गव्हर्नरच्या खालोखालचा अधिकारी. मे १६८० मध्ये तो वारला आणि पाच महिन्यांनी त्याच्या पत्नीने पुन्हा लग्न केले. तिचे माहेरचे आडनाव एल्फर्ड, ते अन्य कागदांतून शोधून काढावे लागते. ज्या वहीत तिच्या आयुष्यातील एवढा मोठा दिवस टिपला गेला, तीत ती एका मृत पुरुषाची विधवा आणि एका जिवंत पुरुषाची वधू म्हणून उभी आहे. तिची स्वतःची ओळख तेथे नाही.

मुलांच्या बाबतीत नावेच उपयोगी पडतात. येलच्या वडिलांचे नाव डेव्हिड आणि आईचे अर्सुला. त्याने मुलाचे नाव डेव्हिड ठेवले. तीन मुलींपैकी एक कॅथरिन, एक अ‍ॅन आणि एक अर्सुला. आपल्याकडे नातवाला आजोबांचे आणि नातीला आजीचे नाव देण्याची चाल आहे. तीच येथे पाहून आम्हांला मौज वाटली. वंशावळीचा शोध घेणाऱ्याला अशी परत परत येणारी नावे वाटाड्यासारखी असतात. बोस्टन सोडलेल्या त्या घराचा धागा मद्रासेत जन्मलेल्या या लेकरांपर्यंत आला, तो नावांवरूनच कळतो.

छोटा डेव्हिड चार वर्षांचाही झाला नाही. त्याचे थडगे उच्च न्यायालयालगतच्या जुन्या लॉ कॉलेजच्या आवारात बांधले गेले. इंग्रजांची पहिली दफनभूमी त्या जागी होती. थडग्यावर उंच निमुळता मनोरा आहे. त्यावरील लेखात मुलाच्या मृत्यूचे साल जानेवारी १६८७ असे वाचावयास मिळते आणि नवखा अभ्यासक येथेच चुकतो. त्या काळी इंग्रजांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांचा जानेवारी १६८७ म्हणजे आपल्या आजच्या गणनेने जानेवारी १६८८. शक, फसली आणि सुहूर सन यांचा मेळ घालताना मोडी कागद वाचणाऱ्यांची जी दमछाक होते, तिचाच हा विलायती प्रकार.

त्या मनोऱ्याची आणखी एक गोष्ट मनाला लागते. त्याच्याखाली डेव्हिड एकटा नाही. जोसेफ हिन्मर्सही तेथेच आहे. आईचा पहिला पती आणि दुसऱ्या पतीपासून झालेला मुलगा एकाच स्मारकाखाली विसावले आहेत. १७५८-५९ मध्ये फ्रेंचांनी मद्रासला वेढा घातला, तेव्हा या दफनभूमीतील थडग्यांचा त्यांना आडोसा मिळाला. म्हणून वेढा उठल्यावर इंग्रजांनी ती मोडून टाकली आणि लेख कोरलेले दगड सेंट मेरीच्या अंगणात नेले. आज आपण त्या फरसबंदीवरून चालतो. जी एक-दोन स्मारके मूळ जागी राखली गेली, त्यांत हे होते. ते तेथेच ठेवावे की हलवावे, हा वाद २०२३ साली न्यायालयापुढेही आला.

आता मराठी वाचकाने विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. फोर्ट सेंट जॉर्जच्या कौन्सिलच्या कामकाजाच्या वह्या एग्मोरच्या सरकारी दप्तरखान्याने छापून प्रसिद्ध केल्या. येलच्या घराचा माग काढण्यासाठी ते खंड उघडले की आपलीच माणसे भेटू लागतात. मे १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीवर असलेल्या शिवाजी महाराजांचा ब्राह्मण वकील पत्र घेऊन या किल्ल्यात आला. महाराजांनी विषावरील उतारे आणि काही औषधी खडे मागविले होते. कौन्सिलने विचार करून ते पाठविले आणि त्यांची किंमत घेतली नाही. पुढे महाराजांनी कारागीर मागितले, तेव्हा मात्र इंग्रजांनी नम्रपणे नकार कळविला. त्या दिवसांत येल याच किल्ल्यात कारकुनी करीत होता. तंबू चेट्टी रस्त्यावरील काळिकांबाळ देवळाला महाराजांनी भेट दिली, अशी येथील परंपरा सांगते. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या देवळात हात जोडले असतील.

लग्नाला वर्ष होते न होते तोच, १६८१ साली, येलला जिंजीस पाठविण्यात आले. तेथे महाराजांचे जावई हरजीराजे महाडिक यांचा अंमल होता. कडलूर आणि पोर्टो नोव्हो येथे व्यापाराची परवानगी मिळवावी, हे त्याचे काम. या परवानगीला इंग्रज कारकुनांनी आपलाच ‘कौल’ हा शब्द वापरला आहे. पुढे राजाराम महाराज जिंजीस आले आणि १६९० साली कडलूरजवळचा देवनामपट्टणम्‌चा किल्ला इंग्रजांनी मराठ्यांकडून विकत घेतला. किल्ल्यावरून डागलेला तोफेचा गोळा जेथवर जाईल, तेथवरची गावे त्या व्यवहारात आली. किल्ल्याचे नाव ठेवले सेंट डेव्हिड. येलचे घराणे मूळचे वेल्सचे आणि सेंट डेव्हिड हा वेल्सचा संत, म्हणून ते नाव, असे काही म्हणतात. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाची आठवण त्यात होती, असे दुसरे म्हणतात. बापाच्या मनात काय होते, ते कामकाजाच्या वहीत लिहिलेले नसते.

मुलगा गेल्यावर वर्षभरातच, १६८९ साली, कॅथरिन मुलींना घेऊन इंग्लंडला निघून गेली. येल मागे राहिला. खाजगी व्यापार आणि पदाचा गैरवापर यांचे आरोप होऊन त्याचे गव्हर्नरपद गेले, तरी तो १६९९ पर्यंत येथेच होता. त्याच्या कारकिर्दीच्या वह्यांत गुलामांच्या व्यापाराच्याही नोंदी आहेत. दुष्काळाने गांजलेली माणसे या किनाऱ्यावरून जहाजांत भरून परदेशी नेली जात. त्यांपैकी एकाचेही थडगे नाही, मनोरा नाही आणि वंशावळही नाही. येल विद्यापीठाने २०२४ साली गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल जाहीर क्षमा मागितली.

१७१८ साली म्हाताऱ्या येलने लंडनहून अमेरिकेतील एका लहानशा विद्यालयाला मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजाचे एक चित्र पाठविले. गठ्ठ्यांत मद्रासचे कापडही होते. तो माल विकून ५६२ पौंडांवर रक्कम आली आणि विद्यालयाला त्याचे नाव मिळाले. ज्या देशाचे त्याला धड स्मरणही नसावे, त्या देशात त्याचे नाव राहिले. आपल्या मंडळातील किती घरांची मुले आज त्या देशात शिकत आहेत, ते येथे सांगावयास नको. १७२१ साली तो वारला. त्याने केलेल्या मृत्युपत्राच्या मसुद्यात पत्नीपुढे ‘दुष्ट’ असे विशेषण घालून देणगीची जागा कोरी सोडलेली आढळते. सेंट मेरीच्या वहीत सुरू झालेल्या संसाराचा शेवटचा कागद हा असा आहे. कॅथरिनची बाजू सांगणारा तसा कागद आमच्या वाचनात आला नाही.

हे सारे वाचीत असताना आमच्या हाती एक दुसरी वही आली. या स्मरणिकेच्या कामासाठी मंडळाचे जुने सभासद-पत्रक काढले होते. दमट हवेने पाने पिवळी पडून एकमेकांना चिकटली होती. ती हलक्या हाताने सोडवून आम्ही नावे वाचली. पुरुषांची नावे, हुद्दे, कचेऱ्या, पत्ते, सारे नीट होते. त्यापुढे बहुतेक ठिकाणी ‘व सौ.’ एवढेच. पन्नास वर्षांत ज्या भगिनींनी गणेशोत्सवाचे मोदक केले, हळदीकुंकू सांभाळले आणि परक्या भाषेच्या गावात मुलांच्या तोंडी मराठी टिकविली, त्यांची नावेसुद्धा आमच्या वहीत नाहीत. कॅथरिन हिन्मर्सच्या नोंदीला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला उरला नाही. त्या पत्रकात आमचेही नाव आहे आणि त्यापुढेही ‘व सौ.’ एवढेच आहे.

दक्षिणेत मराठी नावांचे काय होते, हे आपण जाणतो. थोर दिवाण सर टी. माधवराव यांच्या नावातील ‘टी.’ म्हणजे तंजावर. गाव नावाला चिकटले आणि घराण्याचे आडनाव मागे पडले. तंजावरच्या भोसल्यांनी आपला वंशेतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. तो राजांचा मार्ग. येलसारख्यांची नोंद कंपनीच्या दप्तराने ठेवली. बदलीवर आलेल्या आणि येथेच राहून गेलेल्या तुमच्याआमच्यासारख्यांची नोंद कोणते दप्तर ठेवणार?

म्हणून वाचकांना एक विनंती करून लेख संपवितो. प्रत्येक कुटुंबाने एक पान लिहून मंडळाकडे द्यावे. मूळ गाव कोणते, चेन्नईत कोण प्रथम आले, कोणत्या साली आणि कशासाठी, हे त्यात असावे. स्त्रियांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे असावीत. जी मुले लहानपणी गेली, त्यांचीही नावे गाळू नयेत. आमच्या घराचे पान आम्ही कार्यवाहांच्या स्वाधीन केले आहे. त्याची पहिली ओळ आमच्या पत्नीने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.