माहूरचा तांदळा

माहूरच्या रेणुकेला पाय नाहीत. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. नांदेड जिल्ह्यातल्या या गडावर तो प्रश्नच येत नाही. पायऱ्या चढून गाभाऱ्याशी पोचलं, की समोर भलामोठा शेंदरी चेहरा, कपाळी मळवट, मुखात विडा. धड नाही. हाच तांदळा. साडेतीन पीठांपैकी कोल्हापूर-तुळजापूरला पूर्ण मूर्ती आहे, माहूरची आई मात्र नुसत्या मुखानेच भेटते.

असं का, हे गडावर कुणीही सांगेल. सहस्रार्जुनाच्या वैरात जमदग्नी मारले गेले. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह ठेवला, दुसऱ्यात आईला बसवलं आणि कोरी भूमी शोधत तो इथे आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून अग्नी दिला, रेणुका सती गेली. आईच्या आठवणीने तो व्याकूळ झाला तेव्हा आकाशवाणी झाली : आई जमिनीतून वर येऊन दर्शन देईल, तोवर मागे वळून पाहू नकोस. लेकराला दम निघाला नाही. त्याने पाहिलं तेव्हा मुखच तेवढं वर आलं होतं.

म्हणजे या गडावरचं पहिलं दर्शनच घाईत झालेलं. कथा मला फार आवडते, पण दगड तिच्याहून जुना असावा. मराठवाड्यात शिवेवर, झाडाखाली असे गोटे दिसतात : शेंदूर फासलेला, वर चांदीचे नाहीतर पितळेचे डोळे. हातपाय कोरत कुणी बसत नाही. डोळे बसले की देव बघू लागला. आणि आपण त्याला पाहण्याइतकंच त्याने आपल्याला पाहणं दर्शनात मोलाचं. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त रेणुकेचं नातं भूमीशी, वारुळाशी जोडलं. ते धरलं तर आई मातीतून वर येते, हाच कथेतला सर्वांत जुना धागा ठरतो. पुत्राची अधीरता मागाहून आली असणार, अर्धवट दिसणाऱ्या देवीचं कारण सांगायला.

चेहराच असल्याने सेवाही चेहऱ्याचीच. शेंदूर, मळवट, आणि मुख्य म्हणजे तांबूल. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप खलबत्त्यात बारीक कुटून तो देवीच्या मुखी देतात, मग प्रसाद म्हणून वाटतात. कुटलेला असल्याने दात पडलेल्या आजीलाही तो बिनधास्त खाता येतो.